चौथ्या घंटेची जागा

आमच्या चर्चच्या मनोऱ्याचा गोल जिना इतका अरुंद आहे, की त्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावंच लागतं. उतरणाऱ्याने परत वर जायचं, असा आमच्या ऑल्डरथॉर्प गावचा रिवाज आहे. उलट पावलांनी चढणं हे उलट पावलांनी उतरण्यापेक्षा कमी धोक्याचं, एवढंच त्यामागचं कारण.

त्या बुधवारी दुपारी मी उतरत होते. हातात कबुतरांच्या घरट्यांनी भरलेलं पोतं होतं आणि केसांत त्यांचीच पिसं. खालून कोणीतरी शीळ घालत वर येत होतं.

"कोण आहे?"

शीळ थांबली. "ओतशाळेतून आलोय. फुटकी घंटा बघायला."

"तो माणूस उद्या येणार होता."

"तोच मी. एक दिवस आधी आलोय. आजचं दुसरं काम रद्द झालं."

भिंतीच्या वळणावर आधी बॅटरीचा उजेड आला, मग एक ओली टोपी आणि टोपीखाली दोन करडे डोळे. ते माझ्याकडे बघून क्षणभर गोंधळले. मग हसले.

"मला वाटलं होतं, इथली मुख्य घंटावादक म्हणजे कोणीतरी दाढीवाले आजोबा असतील."

"ते माझे बाबा होते. नोव्हेंबरात वारले." मी म्हणाले. "दाढी नव्हती."

हसू गेलं. "माफ करा..."

खरं तर आता मी उलट पावलांनी वर चढायला हवं होतं. पण मी सरळ पायरीवर बसले, पोतं मांडीवर घेऊन. शाळेचा दिवस संपवून आले होते, काल रात्री वह्या तपासल्या होत्या, आणि त्याआधीची पाच वर्षं... जाऊ दे. विश्रांतीने जाणारा थकवा वेगळा असतो. हा तो नव्हता.

माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि उलट पावलांनी उतरायला सुरुवात केली, पाठीवर लोखंडी अवजारांची थैली घेऊन, एक हात भिंतीला लावत, एकेक पायरी चाचपत. मी त्याच्यामागून उतरले. तळाशी पोचल्यावर त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

"उपकार झाले," मी म्हणाले.

"उपकार कसले? आता पुन्हा वर जायचंय." त्याने माझ्या पट्ट्याला लटकलेल्या किल्लीकडे बोट दाखवलं. "घंटाघराचं कुलूप तुम्हीच लावून आलात ना?"

कितीतरी महिन्यांनी मी मोठ्याने हसले. मनोऱ्यातली कबुतरं उडाली.

त्याचं नाव जोएल टर्व्ही. ट्रेंट नदीकाठच्या एका छोट्या ओतशाळेत, घंटा ओतायच्या कारखान्यात, तो घंटांचा सूर लावायचा. गरज पडली तर त्या उतरवायचा आणि चढवायचाही.

आमच्या सहा घंटा आहेत. त्यांतली चौथी माझ्या बाबांची. म्हणजे गावाचीच, पण आजारी पडेपर्यंत तिचा दोर बाबांच्याच हातात राहिला; नंतर गावातलं कोणी ना कोणी तो ओढायचं. बाकीच्या पाचांच्या मेळात ती सुराने किंचित उतरलेली होती, एखादं माणूस घोळक्यात जरा हळू बोलतं तशी. बाबा तिला 'म्हातारी' म्हणायचे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हा रविवारी मी त्यांच्या खोलीची खिडकी उघडून ठेवायची. घंटा सुरू झाल्या की चौथीच्या पाळीला त्यांचा उजवा हात पांघरुणावर खाली यायचा. शब्द गेले, माझं नावसुद्धा गेलं, पण ती पाळी कधी चुकली नाही. मधल्या काळात एकजण माझी वाट बघून बघून न्यूझीलंडला निघून गेला. मला राग आला नाही. राग यायलाही थोडं बळ लागतं.

बाबा गेले, आणि नाताळात चौथीचा आवाज फुटक्या थाळीसारखा यायला लागला.

जोएलने घंटेला लाकडी हातोडीने अगदी हलकं टिचकवलं. कान लावला, पुन्हा टिचकवलं. मग बॅटरी घेऊन तिच्या पोटात शिरला.

"डोक्यात ओततानाच लोलकासाठी लोखंडी आकडा बसवलाय," त्याचा आवाज आतून घुमत आला. "जुनी खोड. लोखंड गंजतं..."

"गंजलं की फुगतं," मी म्हणाले, "आणि कासं जागा देत नाही. म्हणून तडा."

तो बाहेर आला. नाकावर काजळी होती. "मास्तरीणबाई?"

"रसायनशास्त्र."

"तरीच." त्याने नाक पुसलं, काजळी गालावर गेली. मी सांगितलं नाही. "तडा खांद्यापर्यंत उतरलाय, त्याला दोन फाटे फुटलेत. वेल्डिंगने जोडता येईल. पण ते टिकेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

"मग?"

"रीकास्ट."

त्याने तो शब्द हळू उच्चारला, दवाखान्यात एखादी गोष्ट सांगतात तसा. मला तो शब्द लहानपणापासून ओळखीचा होता. चौथीच्या अंगावरच तो कोरलेला आहे. वर लिहिलंय सोळाशे चोवीस, आणि खाली, वेगळ्या वळणाच्या अक्षरांत, 'रीकास्ट, अठराशे एकाहत्तर'. घंटा फोडायची, भट्टीत वितळवायची आणि नव्या साच्यात पुन्हा ओतायची. शाळेत मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, की वितळणं हा भौतिक बदल आहे, पदार्थ तोच राहतो. लिहायला सोपं असतं.

"आवाज?" मी विचारलं. "आवाज तोच राहील?"

त्याने हातोडी थैलीत ठेवली. "नाही," तो म्हणाला. "जवळचा येईल. तोच येईल असं म्हणालो तर ते खोटं होईल."

त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही.

पुढच्या बुधवारी तो लाकडी चौकटीची मापं घ्यायला आला आणि संध्याकाळच्या सरावाला थांबला. घंटा वाजवणाऱ्या कोणालाही कुठल्याही मनोऱ्यात दोर मिळतो, ही आमची सगळीकडची रीत. पण त्या संध्याकाळी सहा घंटांपैकी पाचच वाजणाऱ्या होत्या. चौथीची पाळी आम्ही मोकळी सोडायचो. एक, दोन, तीन, —, पाच, सहा. ऐकायला सोपं वाटतं, पण मोकळी जागा मोकळी ठेवणं कोणाला जमत नाही. पाचवीवर बेरिल असायची, पोस्टाच्या दुकानातली, पंचाहत्तरीची. ती दरवेळी त्या भोकात घाईने पाय टाकायची आणि सगळं कोसळायचं.

"मी काय करू?" बेरिल कुरकुरली. "तिथे कोणी नसलं की मला पडल्यासारखं होतं."

"मी चौथी ओढू का?" जोएलने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाताळानंतर बाबांच्या दोराला कोणी हात लावला नव्हता.

"ती फुटलीय," मी म्हणाले.

"लोलक मी काढून ठेवलाय. आवाज येणार नाही, पण दोराने तिचं चाक आणि वजन फिरेल. पाळी कळेल." मग फक्त माझ्याकडे बघत, हळू आवाजात त्याने विचारलं, "चालेल?"

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मलाही कळलं नाही.

आम्ही सुरुवात केली. एक, दोन, तीन... आणि मग त्याचे हात खाली आले. वर मनोऱ्यात ती मोठी, मुकी घंटा फिरली. आवाज आला नाही. पण ती शांतता बरोबर वेळेवर आली. तिला रुंदी होती. पाचवी आपल्या जागी पडली, मग सहावी. पुन्हा. पुन्हा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि दोर ओढताना डोळे पुसता येत नाहीत. जोएल समोरच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने मुद्दाम छताकडे नजर लावली होती, आणि मुद्दाम लावली होती हे मला दिसत होतं.

नंतर पबमध्ये त्याने दार उघडून धरलं. "या, डक," तो बेरिलला म्हणाला. पाद्रीबाई फेलिसिटींना म्हणाला, "बसा, डक." गल्ल्यावरच्या पोरीलाही डक, दारात झोपलेल्या कुत्र्यालाही डक. आमच्या या पट्ट्यात ड्रायव्हरपासून दाक्तरापर्यंत सगळे सगळ्यांना डक म्हणतात, म्हणजे शब्दशः बदक; त्यात माया शोधायची नसते. माझ्यासमोर त्याने कपबशी ठेवली. "चहा. तुम्ही बिअर घेतलीत तर इथेच झोपाल."

"मी इतकी दमलेली दिसते?"

"नाही," तो विचार करून म्हणाला. "दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे माहीत असतं."

तिसऱ्या बुधवारी तो पुन्हा मापं घ्यायला आला. चौथ्याही.

"काय गं," बेरिल मला तिकिटं देता देता म्हणाली, "तो मनोरा वाढतोय का?"

"चौकट जुनी आहे. नीट मापं घ्यावी लागतात."

"हो ना. आणि चौकटीला बत्तिशी दाखवत मापं घ्यावी लागतात."

"बेरिल!"

"मी काही म्हणाले का? मी पोस्टाची बाई. पाकीट बंद असलं तरी आतलं कळतं."

मी चिडले, कारण कान गरम झाले होते आणि ते तिला दिसत होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं देवळात मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेर बीटच्या शेतांवरून आडवा वारा येत होता. मी मनुकांचा पाव आणि चीज आणलं होतं. तो पावाचा तुकडा आधी नाकाशी धरायचा, मग खायचा. मी हे बघतेय हे त्याला कळलं.

"काय?"

"काही नाही. तुम्ही पावाचाही सूर लावता."

"चांगला आहे. आईच्या हातचा?"

"बाबांच्या. म्हणजे, पद्धत त्यांची. मी करते तेव्हा थोडा बसतो."

"बसलेला चांगला लागतो," तो म्हणाला. त्याने उरलेला तुकडा माझ्यासमोर धरला. बोटं लागली. कोणीच हात लवकर मागे घेतला नाही.

मग मी घाईने माझा निर्णय सांगितला. पाद्रीबाई आणि गावाच्या मंडळाने तो माझ्यावर सोडला होता. चौथी वितळवायची नाही. ती खाली उतरवून देवळात ठेवायची, जशीच्या तशी. तिच्या जागी दुसरी ओतून घ्यायची.

त्याने हातावरचा पावाचा चुरा झटकला. "होईल," तो म्हणाला. "बरेचजण तसं करतात."

"आणि नवीवर तोच मजकूर हवा. सोळाशे चोवीस, अठराशे एकाहत्तर, आणि खाली रीकास्ट, या वर्षाचं साल."

"ते होणार नाही."

"का?"

"ती रीकास्ट नसेल. जुनीचं कासं भट्टीत गेलं, तरच तो शब्द. नाहीतर ती नवी घंटा. छान घंटा होईल. पण नवी."

"जोएल, एका शब्दासाठी? तिथे कोण वाचायला जातंय? वर फक्त कबुतरं आहेत!"

"म्हणूनच," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "जिथे कोणी वाचत नाही, तिथे खोटं लिहायचं नसतं. दीडशे वर्षांनी कोणीतरी बॅटरी घेऊन वर येईल. तो त्या शब्दावर विश्वास ठेवेल. तुम्ही ठेवलात ना?"

मी ठेवला होता. तीच तर पंचाईत होती.

"तुम्हाला घंटाही ठेवायचीय," तो पुढे म्हणाला, "आणि तिचं पुढचं आयुष्यही हवंय. दोन्ही मिळत नाही, हेस्टर..."

"तुम्हाला काय ठाऊक मला काय हवंय?" मी उठले. "मी पाच वर्षं एका माणसाला थोडं थोडं जाताना बघितलंय. आता तुम्ही सांगताय, उरलंसुरलं हातोड्याने फोडा!"

त्याने चहाचा कप बाकावर ठेवला, अगदी हळू. "मी असं म्हणालो नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला तसं ऐकू आलं असेल, तर मी नीट बोललो नाही."

वाद घालणारं माणूस असतं तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये त्याने चौथी उतरवली. साखळ्या, कप्प्या, फळ्या, आणि दिवसभर फक्त कामापुरतं बोलणं. "जरा बाजूला व्हा." "दार धरा." देवळात मागच्या कोपऱ्यात ती फरशीवर टेकली. जाताना तो म्हणाला, "मे महिन्याच्या शेवटी ओतायचं ठरलंय. त्याआधी काही बदल वाटला तर कळवा." पुढच्या बुधवारी तो आला नाही. बेरिल त्या मोकळ्या जागेत पुन्हा पडली आणि या वेळी कोणी हसलं नाही.

घंटा खाली आल्याचा मला पहिल्या रविवारी आनंद झाला. मी तिच्यावरून हात फिरवला. अक्षरं बोटांना लागली. आता ती सुरक्षित होती.

दुसऱ्या रविवारी तिच्यावर प्रार्थनेच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. मी उचलला. तिसऱ्या रविवारी फुलांची कुंडी होती. नंतर कोणीतरी गावजत्रेची सूचना तिला चिकटवली. मी ती काढली आणि चिकटपट्टीचा डाग स्पिरिटने पुसला. मेमधल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी चालू होती, आणि बेरिलने बिस्किटांची बशी सरळ घंटेच्या डोक्यावर ठेवली.

"बेरिल, ती घंटा आहे."

"अगं, माहितीय की." तिने बशी उचलली. घंटेवर गोल ओला डाग उमटला होता. "चुकलंच. उंची बरोबर टेबलाची आहे ना, हात आपोआप जातो." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि बशी कडेवर घेतल्यासारखी धरून म्हणाली, "तुझा बाप हिला असं कोपऱ्यात बघून काय म्हणाला असता?"

बाबा काय म्हणाले असते, ते मला नेमकं ठाऊक होतं. मी लहान असताना एकदा त्यांना विचारलं होतं, की म्हातारी अठराशे एकाहत्तरमध्ये वितळवली, तर ती सोळाशे चोवीसची कशी? मला तेव्हापासूनच हिशेब नीट लागायचे. बाबा दोराला गाठ मारत म्हणाले होते, "वितळवली कुठे? घसा बसला होता तिचा. बरा करून आणला."

मी घरी आले. बाबांची खुर्ची, बाबांचा कोट, बाबांचा चष्मा. सगळं जिथल्या तिथे होतं. खुर्चीवर माझ्या तपासायच्या वह्या होत्या, कोटावर माझी छत्री टांगलेली होती. बिस्किटांची बशी मीही ठेवलीच होती की. मी त्या खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. कितीतरी दिवसांनी स्वप्न न पडता झोप लागली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ओतशाळेत फोन केला. त्यानेच उचलला.

"हेस्टर बोलतेय. ऑल्डरथॉर्पहून."

"हो." मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं. "बोला."

"मला... रीकास्ट हवंय."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. पण ती मोकळी नव्हती. त्यात कोणीतरी उभं होतं.

"मी स्वतः न्यायला येतो," तो म्हणाला.

घंटा फोडताना तू बाहेर थांब, असं त्याने सांगितलं. हो, तोवर आम्ही तू म्हणायला लागलो होतो. ट्रकमध्ये, ट्रेंटपर्यंतच्या वाटेत, कधीतरी. मी बाहेर थांबले नाही. पहिला घाव त्याने घातला तेव्हा चौथी एकदा वाजली, चिरक्या आवाजात, पण वाजली. नंतरचे नुसते धातूचे आवाज होते. आतलं कासं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. ताज्या तुकड्यांवर ते फिकट, चंदेरी पिवळं होतं, बाहेरच्या हिरव्या काळपटपणाचा त्यात लवलेशही नव्हता. दीडशे वर्षांत त्याला कोणी उजेड दाखवला नव्हता.

मेअखेर भट्टीतून ते नारिंगी होऊन साच्यात उतरलं तेव्हा माझ्याबरोबर आलेल्या पाद्रीबाई पुटपुटत प्रार्थना म्हणाल्या, बेरिल डोळे पुसत "किती उकडतंय गं" म्हणाली, आणि मी नुसती बघत राहिले. वितळणं हा भौतिक बदल आहे. पदार्थ तोच राहतो.

साचा फोडल्यावर, जूनच्या मध्यावर त्याने मला सूर लावायला बोलावलं. घंटा तोंड वर करून मोठ्या फिरत्या चाकावर बसवली होती. वरून एक पातं तिच्या पोटात उतरायचं आणि कडेने कास्याची सालं निघायची, केसांच्या बटांसारखी. थोडं काढायचं, चाक थांबवायचं, टिचकवायचं, ऐकायचं. तो खूप हळू काम करायचा.

"इतकं थोडं थोडं का?" मी विचारलं.

"काढलेलं परत लावता येत नाही." त्याने एक बट उचलून माझ्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती. "घंटा जरा चढ्या सुरात ओततात. काढत गेलं की ती खाली उतरते. उतरली की उतरली."

दुपार उलटली. तो टिचकवत राहिला, ऐकत राहिला. शेवटी त्याने पातं वर उचललं, चाक थांबवलं आणि माझ्याकडे वळला.

"इथे ती बाकीच्या पाचांशी जुळते," तो म्हणाला. "अगदी बरोबर. पण तुझ्या बाबांची म्हातारी याच्याहून थोडी खाली होती. जुन्या घंटेचा सूर मी पहिल्याच दिवशी मोजून ठेवलाय. अजून दोन केसांएवढं काढलं, तर ती तिथे पोचेल. आवाज पुरता तोच नसेल... पण उतरलेली असेल, तशीच." त्याने हात पुसले. "तू सांगशील तसं. मला दोन्ही चालेल. पण आत्ता सांग, कारण नंतर..."

"नंतर परत नाही."

"नाही."

त्याने हातोडी माझ्या हातात दिली. मी घंटेच्या काठावर हलकं टिचकवलं. आवाज उठला, फिरला, छतापर्यंत गेला आणि खूप वेळ थांबला. तो बाबांचा नव्हता. मी त्यात बाबांना शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं, आणि ते सापडले नाहीत. सापडली ती एक स्वच्छ, न दमलेली घंटा. बाबा रोज पहाटे उठून मला शाळेत सोडायचे, त्या वयातले बाबा असेच बोलत असतील का? मला आठवेना. मला फक्त शेवटचे, उतरलेले बाबा आठवत होते, आणि मी त्यांनाच जपून ठेवायला निघाले होते.

आवाज पूर्ण विरेपर्यंत मी थांबले.

"इथेच राहू दे," मी म्हणाले.

"नक्की?"

"ती पाचजणींबरोबर राहणार आहे. तिला त्यांच्याशी जुळू दे."

त्याने यंत्राचं बटण बंद केलं. कारखान्यात अचानक इतकी शांतता झाली की बाहेरची चिमणी ऐकू आली. त्याच्या नाकावर पहिल्या दिवशीसारखीच काजळी होती. या वेळी मी बोटाने पुसली. त्याने माझं मनगट धरलं, सैल, मी सोडवू शकेन इतकं सैल.

"एक विचारू?" मी म्हणाले.

"विचार."

"तू बेरिलला डक म्हणतोस. पाद्रीबाईंना म्हणतोस. कुत्र्याला म्हणतोस. मघाशी त्या यंत्रालासुद्धा म्हणालास. मी मार्चपासून बघतेय... मला एकदाही म्हणाला नाहीस."

"तू मोजतेस?"

"मी विज्ञानाची आहे. जे घडत नाही, तेही आम्ही टिपून ठेवतो."

तो लाजला. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, आणि मानेपासून केसांपर्यंत लाल झाला.

"तो शब्द सगळ्यांसाठी आहे, हेस्टर," तो म्हणाला.

मी मनगट सोडवलं नाही.

जुलैत चौथी वर चढली. तिच्या अंगावर तिसरी ओळ आली आहे, त्याने स्वतः लावलेल्या अक्षरांत. रीकास्ट, आणि साल. अक्षर न् अक्षर खरं आहे. वाचायला वर फक्त कबुतरं आहेत.

पहिल्या सरावाला सहाही दोरांना माणसं मिळाली. मी नेहमी दुसरीवर असते. त्या दिवशी माझा दोर जोएलने घेतला, आणि बाबांचा दोर माझ्यासमोर लोंबत होता. त्याच्यावरची लोकरीची मूठ त्यांच्या तळव्यांनी जागोजागी घासून गुळगुळीत झाली होती.

"थांबा जरा," बेरिल पाचवीवरून म्हणाली. "आधी मला सांगा, ही म्हातारीच ना? का दुसरी कोणी?"

पाद्रीबाई जोएलकडे बघायला लागल्या. जोएल माझ्याकडे. त्याच्या मिश्कील डोळ्यांत प्रश्न होता, आणि उत्तर माझ्यावर सोडून दिल्याचं समाधानही.

"म्हातारीच," मी म्हणाले. "घसा बसला होता. बरा करून आणलाय."

"मग ठीक," बेरिल म्हणाली आणि तिने हातांवर फुंकर मारली. "आणि तू रे, मापं घेणाऱ्या? झाली का एकदाची मापं घेऊन?"

"कुठली, डक," जोएल म्हणाला. "दर बुधवारी यावं लागणार."

सगळे हसले. मी मूठ घट्ट धरली आणि वर पाहिलं. पहिली फिरली. मग जोएलची दुसरी. मग तिसरी.

एक, दोन, तीन...

आणि मी दोर खाली ओढला.